साठवलेल्या कडधान्याला वनस्पतींचा अर्क: भुंगेऱ्यावर खरंच चालतो का?

कोरडवाहू

चवळी आणि मूग मिळून पन्नासेक किलो अख्खं धान्य पिंपात ठेवायचं आहे. थोडं पेरणीला, बाकीचं खायला. मागच्या वेळी तळाशी आणि वर कडुलिंबाचा पाला घातला होता. काही आठवड्यांनी झाकण काढलं तर तपकिरी भुंगेरे पिंपाच्या कडेला चढत होते आणि मूठभर दाणे हातात घेतले तर निम्म्यांना भोकं.

रासायनिक काही वापरायचं नाही. शेतात फवारतात तो ५ टक्के निंबोळी अर्क दाण्यांवर मारला आणि वाळवून भरलं तर चालेल का? की वेखंड, सीताफळाच्या बिया, निलगिरी तेल यातलं काही जास्त प्रभावी? नेटवर शोधलं तर जगातल्या प्रत्येक झाडाचं नाव कुणी ना कुणी घेतलंय, प्रमाण मात्र कुणीच सांगत नाही.

अजून एक. या वेळचं धान्य आत्ताच घरात आलंय, पण चवळीच्या काही दाण्यांवर बारीक पांढरे ठिपके आहेत. बोटाने पुसून जात नाहीत. ते काय असावं?

रानपाला

पाला ओला घातला असणार तुम्ही. सावलीत कडक वाळवून घाला. मी तुरीच्या डाळीत नेहमी वाळलेला कडुलिंबच घालतो, वर्षभर काही होत नाही. उगाच अर्क-बिर्क करत बसू नका.

भिंगवाली

कोरडवाहू, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पुसून न जाणारे पांढरे ठिपके ही कडधान्य भुंगेऱ्याची अंडी, आणि तीही उबून गेलेली. कीटकशास्त्र शिकताना हे भुंगेरे मी बरण्यांमधून वाढवलेत, त्यामुळे भिंगाखालचा हा सगळा प्रकार पाठ झालाय. ताजं अंडं पारदर्शक असतं, दाण्यावर डिंकाचा थेंब वाळल्यासारखं. उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसतही नाही. चार-सहा दिवसांत आत अळी तयार होते. ती अंड्यातून वर बाहेर येत नाही. खाली चिकटलेलं दाण्याचं टरफल कुरतडून सरळ दाण्यात उतरते आणि जाताना सगळा भुसा मागे, रिकाम्या कवचात ढकलते. त्या भुशामुळे अंडं पांढरं दिसतं. म्हणजे ठिपका पांढरा झाला याचा अर्थ अळी आत पोचली.

पुढचे तीनेक आठवडे ती दाण्यातच. आतून पोखरत शेवटी टरफलाच्या अगदी खाली येते, तिथे कागदाएवढा पातळ गोल पडदा ठेवते आणि कोषात जाते. दाणा उजेडासमोर धरला तर ही गोल, काळसर खिडकी दिसते. सुईने टोचली तर अख्खी टोपी निघते आणि आत भुंगेरा तयार बसलेला असतो. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत साधारण महिना लागतो, थंडीत जास्त. बाहेर आलेला भुंगेरा साठवणीत काही खात नाही. आठवडा-दोन आठवडे जगतो, तेवढ्यात मादी शंभरच्या घरात अंडी घालून मोकळी होते.

आता बघा. आपण लावणार ते पूड असो, तेल असो की अर्क, ते दाण्याच्या बाहेर राहणार. किडा आयुष्यातला बहुतेक काळ दाण्याच्या आत. कडुलिंबाचा कडूपणा खाणाऱ्या किडीला रोखतो म्हणतात, ते पानं खाणाऱ्या अळ्यांच्या बाबतीत खरंच आहे. इथे मोठा किडा खातच नाही आणि खाणारी अळी आत बसलेली. मग वनस्पतीजन्य औषधाला वाव उरतो तो दोनच ठिकाणी: मादीला अंडी घालू न देणं, आणि घातलेलं अंडं अळी आत शिरायच्या आधी मारणं. ही दोन कामं काही वनस्पती उत्तम करतात. पण ठिपके पांढरे झालेल्या तुमच्या चवळीला आता कुठलाही अर्क लावला तरी आतल्या अळ्या महिन्याभरात बाहेर येणारच. तिला आधी उष्णता किंवा गोठवण, मग औषध. हा क्रम उलटा केला की लोक म्हणतात, कडुलिंब चालत नाही.

पाण्यातला ५ टक्के निंबोळी अर्क साठवणीच्या दाण्यावर अजिबात मारू नका. तो उभ्या पिकासाठी आहे. कडधान्य टिकतं ते कोरडेपणावर. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली हवा. तुम्ही पाणी मारणार, मूग ते पिणार, वरून वाळल्यासारखा दिसणार आणि पिंपात बुरशी येणार. भुंगेऱ्याने खाल्लेलं निदान दिसतं, बुरशीचं विष दिसतही नाही.

अर्क हवाच असेल तर तेल घ्या. तेल हाही बियांचा अर्कच आहे. किलोला ५ मिलि, म्हणजे चहाचा एक चमचा. तुमच्या ५० किलोला पाव लिटर पुरतं. खायच्या धान्याला शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, मोहरीचं, जे खातो ते कुठलंही. अंड्याच्या एका टोकाला हवा आत जायची अगदी बारीक वाट असते. तेलाचा थर ती बुजवतो आणि आतला जीव गुदमरतो. शिवाय तेलकट दाण्यावर अंडं नीट चिकटत नाही. हे काही आजचं नाही. १९७८ साली कोलंबियातल्या उष्णकटिबंधीय शेती संशोधन केंद्रातून घेवड्यावरचे आणि नायजेरियातल्या संस्थेतून चवळीवरचे तेलाचे प्रयोग छापून आले, तेव्हापासून जगभर पुन्हा पुन्हा तेच दिसलंय.

सगळी मेख चोळण्यात आहे. पन्नास किलोच्या ढिगावर पाव लिटर ओतून फावडं फिरवलं तर काही दाणे न्हाऊन निघतात आणि बाकी कोरडे राहतात. मादी कोरडा दाणा बरोबर शोधते. एका वेळी दोन-तीन किलो घ्या, मोजून तेल घाला, तळहातांनी चोळा. प्रत्येक दाण्याला नुसती झळाळी यायला हवी, तळाला तेल उरता कामा नये. मग तासभर सावलीत पसरून पिंपात.

रानपाला, तुमची डाळ टिकते ते पाल्यामुळे की डाळ असल्यामुळे, हे कसं ठरवणार? या भुंगेऱ्याला अख्खा, गुळगुळीत, गोल दाणा लागतो. फोडलेल्या, टरफल काढलेल्या डाळीत त्याची पैदास फारच घटते. बिनपाल्याचा एक डबा शेजारी ठेवून बघा. आणि अ‍ॅझाडिरॅक्टिन, म्हणजे कडुलिंबातलं मुख्य द्रव्य, ते निंबोळीच्या गरात भरपूर असतं, पानात नावापुरतं. वापरायचंच तर गराची वस्त्रगाळ पूड, किलोला १० ते २० ग्रॅम. निंबोळ्या सावलीत वाळवलेल्या हव्यात, कारण उन्हाने हे द्रव्य लवकर नासतं.

कोरडवाहू

भिंगवाली ताई, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. भिंग नव्हतं, पण मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहिलं. बरेचसे ठिपके पांढरे आहेत, काही पारदर्शकही सापडले. मुगात मात्र फारसं काही दिसत नाही.

पण एक कळत नाही. धान्य आत्ताच आलंय, पिंपं नवी आहेत. मग अंडी आली कुठून? आणि आतल्या अळ्या मारायला ऊन पुरेसं आहे का? मी नुसतं पसरून ठेवणार होतो.

टपोरा_दाणा

ऊन दाखवलं की झालं. भुंगेरे स्वतःहून पळतात. मग बोरिक पावडर चोळून ठेवा, ती पण नैसर्गिकच असते.

भिंगवाली

अंडी शेतातूनच आली. शेंगा पिकायला लागल्या की मादी तिथे उडत जाते, वाळलेल्या शेंगेवर किंवा तडकलेल्या शेंगेतल्या दाण्यावर अंडी घालते. कापणीला उशीर झाला की हे प्रमाण वाढतं. साठवणीत गर्दी झाली आणि दाणे तापले की या भुंगेऱ्यांच्या पुढच्या पिढीत चांगलं उडणारे जास्त निपजतात. बंद बरणीत पिढ्यान्‌पिढ्या आळशी चालणारे निघतात आणि एकदा बरणी गच्च भरली की झाकण काढताच तोंडावर उडतात. हे मी बघितलंय म्हणून सांगते, मला अजूनही त्याची गंमत वाटते. असो.

टपोरा_दाणा, पळतात ते मोठे भुंगेरे, आतले जागच्या जागी राहतात. नुसतं पसरलेलं धान्य तेवढं तापत नाही. दाणा ५७ अंश सेल्सिअसला तासभर राहिला तर अंडी, अळी, कोष, सगळं मरतं. त्यासाठी खाली काळा प्लॅस्टिकचा कागद, त्यावर दाण्यांचा पातळ थर, वर पारदर्शक प्लॅस्टिक, चारही कडा दगडांनी दाबलेल्या. कडक उन्हात आतलं तापमान सहज ६० च्या पुढे जातं. मधोमध तापमापी खुपसून ठेवा, अंदाजाने करू नका; कडेचे दाणे उशिरा तापतात, ते मध्ये सारा. मग पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणे पिंपात भरले तर आत पाणी सुटतं.

पेरणीचं बियाणं आधी नीट कोरडं असेल तर एवढ्याने सहसा बिघडत नाही, तरी त्यातले शंभर दाणे ओल्या कापडात गुंडाळून उगवण तपासा. मला स्वतःला बियाण्यासाठी गोठवणं बरं वाटतं. उणे १८ अंशाला आठवडाभर, पिशवी घट्ट बांधून, आणि बाहेर काढल्यावर दाणे घरातल्या हवेच्या तापमानाला येईपर्यंत गाठ सोडायची नाही, नाहीतर दव दाण्यावर बसतं. इथेही दाणा कोरडाच हवा.

बोरिक पावडर वनस्पतीची नव्हे, आणि नैसर्गिक म्हणून पोटात जाऊ द्यावी अशीही नव्हे. तो विषय इथेच थांबवू.

प्रयोगवही

मध्येच घुसतोय. आम्हाला महाविद्यालयात प्रकल्प आहे: पाच वनस्पतींचे अर्क चवळीवरच्या भुंगेऱ्यावर तपासायचे. गटातल्या मुलांचं म्हणणं, सीताफळाच्या बिया आणि वेखंड घेतले की निकाल हमखास येतो. कसं करावं?

भिंगवाली

निकाल येईल, तो वापरता येईल का हा प्रश्न वेगळा.

सीताफळाच्या बियांतली अ‍ॅसिटोजेनिन्स पेशीतला श्वसनाचा पहिलाच टप्पा अडवतात. किडा मरतो, पण आपल्या पेशीतही तोच टप्पा आहे. ही पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. कुटताना चष्मा, मास्क, हातमोजे. आणि खायच्या धान्याला ती अजिबात नको. वेखंडाचंही तसंच. त्याच्या गाठीतलं बीटा-असारोन भुंगेऱ्यांना मारतं, वाफेनेही त्यांची प्रजनन क्षमता जाते, म्हणून बियाण्याला वेखंड उत्तम आहे. पण उंदरांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरलं आणि अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड बंद केलं. वर वेखंडाच्या सगळ्या जाती सारख्या नसतात: भारतातल्या चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेल्या) जातीत बीटा-असारोन भरपूर, युरोपातल्या त्रिगुणितमध्ये (तीन संच) कमी, उत्तर अमेरिकेतल्या द्विगुणितमध्ये (दोन संच) नाहीच. म्हणून एकाचा प्रयोग यशस्वी, दुसऱ्याचा फसलेला, आणि दोघेही खरं बोलत असतात. प्रकल्पात वनस्पतीचा कुठला भाग घेतला, कधी गोळा केला, कसा वाळवला हे लिहायचं ते याचसाठी.

निलगिरी, लवंग, ओवा यांची सुगंधी तेलं तिसऱ्याच वाटेने काम करतात. त्यांची वाफ किड्याच्या मज्जासंस्थेवर जाते. बंद बरणीत कापसावर थोडं टाकलं तर मोठे भुंगेरे लवकर पडतात. झाकण उघडलं की वाफ गेली आणि तिच्याबरोबर संरक्षणही. पोत्यात तर काहीच उपयोग नाही.

आता पद्धत. पूड इथेनॉलमध्ये किंवा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवा, गाळा, दाण्यांना चोळा आणि द्रावक पूर्ण उडू द्या. विस्तवापासून लांब, खिडक्या उघड्या. एक बरणी काहीच न लावलेली, आणि एक फक्त द्रावक लावलेली, ही दुसरी सर्वांत महत्त्वाची. ती नसेल तर भुंगेरे तुमच्या वनस्पतीने मेले की अ‍ॅसिटोनने, सांगता येणार नाही. धान्य आधी गोठवून घ्या, म्हणजे दुकानातूनच आलेली अंडी मोजणीत शिरणार नाहीत. नर-मादी ओळखून सारख्या जोड्या सोडा: चवळीवरच्या जातीत मादी मोठी आणि शेपटाकडच्या ताटलीवर दोन काळे पट्टे असलेली, मुगावरच्या जातीत नराच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी, पटकन कळतात. काही दिवसांनी भुंगेरे काढून टाका, अंडी मोजा, मग महिनाभर थांबून किती नवे बाहेर आले ते मोजा.

नुसती मेलेल्यांची संख्या लिहू नका. हे किडे तसेही दोन आठवड्यांत मरतात. द्रावकाच्या बरणीत १० टक्के मेले आणि अर्काच्या बरणीत ५५ टक्के, तर अर्काचं श्रेय ५५ नव्हे. अ‍ॅबटच्या १९२५ च्या सूत्राने ५५ वजा १०, भागिले ९०, म्हणजे ५० टक्के. खरी किंमत अंड्यांच्या आणि बाहेर आलेल्या भुंगेऱ्यांच्या आकड्यात आहे. माझ्या मते तुम्ही पाच झाडांऐवजी एक झाड आणि पाच प्रमाणं घ्यावीत. पाच झाडांची नावं लिहिलेले कागद आधीच खूप पडलेत. आणि साधं शेंगदाणा तेल तुलनेला ठेवाच. तुमचा अर्क त्याला हरवत नसेल तर ते लिहायला लाजू नका.

रानपाला

मान्य, डबा शेजारी ठेवून बघतो. पण राजम्याला काय? त्याच्यावर कधी चिकटलेले ठिपके दिसले नाहीत, तरी भोकं पडतात.

भिंगवाली

कारण त्याचा भुंगेरा बहुधा वेगळा आहे. घेवडा-राजम्यावरच्या त्या जातीची मादी अंडी चिकटवत नाही, दाण्यांमध्ये सुटी टाकते. अळी बाहेर चालत फिरते, दोन दाणे एकमेकांना टेकतात तिथे पाय रोवून भोक पाडायला घेते. त्यात तिचा वेळ जातो. म्हणून अर्धवट भरलेलं पिंप रोज थोडं लोळवलं तर दाणे हलतात, तिचं भोक अर्ध्यावर राहतं आणि ती मरते. १९९१ च्या एका अभ्यासात एवढ्यानेच किडीची वाढ सुमारे ९७ टक्क्यांनी घटली होती. चवळी-मुगाला ही युक्ती तेवढी लागू नाही, त्यांची अळी चिकटलेल्या अंड्यातूनच आत जाते. तेल मात्र राजम्यालाही चालतं.

कोरडवाहू

चवळी प्लॅस्टिकखाली तापवून घेतली, गार होतेय. तापमापी खरंच ६० च्या वर गेली. मूग आधी तपासून मगच ठरवतो. तेल लावल्यावर किती दिवस निर्धास्त राहायचं? आणि तेल खवट होणार नाही का? बियाण्याला कडुलिंबाचं तेल लावलं तर?

भिंगवाली

दोन-तीन महिने भरवसा धरा. पुढे थर पातळ होतो, दाणा थोडं तेल शोषतो. खवटपणा येतो, पण ५ मिलिमध्ये धुतल्यावर सहसा जाणवत नाही. म्हणून लवकर खायचं ते वरच्या पिंपात ठेवा आणि प्रमाण स्वतःहून वाढवू नका. १० मिलिच्या वर गेलात तर उगवणीवर परिणाम दिसायला लागतो.

बियाण्याला कडुलिंबाचं किंवा करंजाचं तेल चालेल, त्याच प्रमाणात. ते पिंप वेगळं ठेवा आणि वर ठळक लिहा, कारण करंजाचं तेल खायचं नव्हे आणि कडुलिंबाचा कडूपणा धुऊनही मागे राहतो.

पिंपाचं झाकण हवाबंद असेल आणि पिंप तोंडापर्यंत भरलेलं असेल तर अर्धं काम तेच करतं. आत उरलेले किडे श्वासाने ऑक्सिजन संपवतात, मग त्यांचं खाणं थांबतं. अर्धं रिकामं पिंप आणि रोज उघडणारं झाकण असेल तर हा फायदा गेला. खायला काढायचं ते छोट्या डब्यात काढून घ्या.

पहिली तपासणी महिन्याच्या आत करा. वरचे दाणे नको, हात कोपरापर्यंत घालून मधले काढा आणि चाळणीवर घ्या. खाली पांढरट पीठ पडलं किंवा दाण्यावर नवे पारदर्शक ठिपके दिसले तर तेवढंच पिंप रिकामं करून पुन्हा तापवा, मग परत तेल. एखाद-दुसरा जुना पांढरा ठिपका दिसला तर घाबरू नका, तापवल्यावरही कवच दाण्यावर तसंच चिकटून राहतं.